जखम नायकाची, नजर खलनायकाची

खलनायक प्रभावी करायचा असेल तर त्याचा भूतकाळ लिहा, हा सल्ला आता नियमासारखा दिला जातो. लेखनाच्या शिबिरांत, पटकथेच्या बैठकांत, एकांकिकांच्या तालमींत, चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या गप्पांत तो ऐकू येतो. त्याला लहानपणी बापानं मारलं होतं का? आई टाकून गेली होती का? गावानं वाळीत टाकलं होतं का? यातलं एखादं कारण हाती लागलं की सगळ्यांना हायसं वाटतं, पात्राला खोली आली असं मानलं जातं. त्याच्या जोडीला दुसरं वाक्य येतंच: प्रत्येक खलनायक स्वतःच्या गोष्टीत नायकच असतो, म्हणून त्याची बाजू आपल्याला थोडी तरी पटली पाहिजे. ज्याची दया येत नाही तो खलनायक कच्चा, असा याचा अर्थ होतो.

हे मत मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. डोळे वटारणारा, मिशीला पीळ देणारा, विनाकारण गडगडाटी हसणारा खलपुरुष पाहून ते कंटाळले आहेत आणि तो कंटाळा रास्त आहे. एखाद्या जातीला, जमातीला किंवा धर्माला सरसकट दुष्ट ठरवणाऱ्या गोष्टी आपण पिढ्यानपिढ्या ऐकल्या, त्यांच्याविषयीची चीडही या मतामागे आहे. ती चीड मलाही आहे. पण त्यावर शोधलेला हा उपाय कलेच्या दृष्टीनं लंगडा आहे आणि न्यायाच्या दृष्टीनं त्याहून वाईट आहे. नुसत्या तत्त्वचर्चेनं हा वाद सुटणार नाही. ज्या खलनायकांनी खरोखर आपली पाठ सोडलेली नाही, ते कसे घडवले आहेत हेच पाहायला हवं.

सुरुवात एका अशा लेखकापासून करतो, ज्यानं आपलाच खलनायक आधी उभा केला आणि मग आपल्याच हातानं मोडला. थॉमस हॅरिसची ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ ही कादंबरी १९८८ ची. तिच्यावरचा चित्रपट १९९१ मध्ये आला. त्यात नरभक्षक खुनी डॉ. हॅनिबल लेक्टर झालेला अँथनी हॉपकिन्स पडद्यावर जेमतेम पाव तास दिसतो, तरी चित्रपट संपल्यावर तोच आठवत राहतो. कादंबरीत तरुण क्लॅरिस स्टार्लिंग डॉ. हॅनिबल लेक्टरला प्रश्नावली देऊन समजून घ्यायला जाते, तेव्हा तो तिचा डाव उधळून लावतो. माझ्या बाबतीत काही घडलं म्हणून मी असा झालो, हे स्पष्टीकरण तो ठाम नाकारतो. मला चार प्रभावांच्या बेरजेत बसवू नकोस, असं तो तिला सुनावतो. कादंबरीचा दरारा इथून सुरू होतो. समोर बसलेल्या माणसाला कारण नाही, आहे ती निवड. पुढं तोच उलट तिचं बालपण तिच्याकडून काढून घेतो. बाप गेल्यावर नातेवाइकांच्या कुरणावर पहाटे ऐकलेला कोकरांचा आक्रोश, चित्रपटात त्यातलं एक वाचवण्याची तिची धडपड, हे सगळं. भूतकाळ आहे, जखम आहे, पण ती क्लॅरिसची आहे. लेक्टरकडं आहे ती नजर.

मग १९९९ मध्ये ‘हॅनिबल’ आली आणि २००६ मध्ये ‘हॅनिबल रायझिंग’. आता कळलं की दुसऱ्या महायुद्धात लिथुआनियात उपाशी सैनिकांनी त्याच्या लहानग्या बहिणीला मारून खाल्लं होतं. याहून भयंकर दुःख कल्पनेत येणार नाही. आणि तरीही लेक्टर त्या क्षणी लहान झाला. ज्याला कुठल्याच चौकटीत बसवता येत नव्हतं, तो एका सरळ गणिताचं उत्तर होऊन बसला: बहीण गमावली, म्हणून नरभक्षक झाला. दुःख जितकं मोठं केलं तितका माणूस खुजा झाला. भूतकाळानं खलनायक जिवंत होतो असं म्हणणाऱ्यांनी या पुस्तकांचा क्रम लावून वाचावा. लेखक तोच, पात्र तेच, भर पडली ती फक्त बालपणाची.

आपल्याकडं हा प्रयोग फार पूर्वी झाला आहे आणि तो शकुनीवर झाला आहे. कौरवांनी गांधारराजाला सगळ्या मुलांसकट कोंडून उपाशी मारलं, एकट्या शकुनीला जगवलं, आणि बापाच्या हाडांचे फासे करून त्यानं कुरुकुळाचा सूड घेतला, ही गोष्ट आज घरोघर माहीत आहे. अनेकांना ती व्यासांचीच वाटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात ही गोष्ट नाही. ती नंतरच्या लोककल्पनेची आहे. लोककथा म्हणून तिला मी कमी लेखत नाही. पण तिनं शकुनीचं काय केलं ते पाहा. सभापर्वातला शकुनी दुर्योधनाला जे सांगतो ते थोडक्यात असं: युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे, त्याला द्यूत येत नाही, आणि कुणी आव्हान दिलं तर तो नाही म्हणू शकत नाही. एका माणसाची एवढी अचूक पारख साऱ्या महाभारतात क्वचितच कुणी केली असेल. युधिष्ठिराच्या भावांना, बायकोला, गुरूंना जे दिसलं नव्हतं किंवा दिसून बोलता आलं नव्हतं, ते शकुनीनं तीन वाक्यांत मांडलं. धर्मराजाच्या धर्मनिष्ठेतच, दिलेलं आव्हान न नाकारण्याच्या क्षत्रियव्रतातच त्याचा विनाश लपला आहे हे त्याला कळलं. हे भयानक आहे, कारण ते खरं आहे. हाडांचे फासे आले की ही पारख निरर्थक होते. मग फासे मंतरलेले, शकुनी बापाच्या शपथेला बांधलेला, युधिष्ठिर बिचारा फसलेला. तिघंही सुटले. सभेत नेमकं काय घडलं याची जबाबदारी कुणावरच उरली नाही.

हीच खोड दुर्योधनाच्या बाबतीत आणखी पुढं गेली. मयसभेत तो पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असं काहीतरी म्हणाली, आणि त्या अपमानातून वस्त्रहरण घडलं, हे आपल्या कानांवर इतक्यांदा पडलं आहे की त्याचा उगम कुणी विचारत नाही. चिकित्सक आवृत्तीत हे वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाही. तिथं दुर्योधन फजितीनं आणि पांडवांच्या वैभवानं पोळला आहे, आणि तो ते लपवत नाही. अन्नवस्त्राला, घोड्यांना, मानाला कमी नाही मग तुला झालंय काय, असं धृतराष्ट्र विचारतो, तेव्हा असंतोष हेच वैभवाचं मूळ असतं, असा युक्तिवाद तो बापापुढं करतो. म्हणजे विचार आहे, भाषा आहे, कारणंही आहेत. पण द्रौपदीच्या माथी मारलेलं ते वाक्य घातलं की गोष्ट बदलते: बाई बोलली म्हणून तिच्यावर ही वेळ आली. खलनायकाला दुःख शोधून देता देता आपण त्याचं पाप त्याच्या बळीच्या ओटीत टाकलं. या मताविरुद्ध मी एवढ्या तळमळीनं लिहितो आहे त्याचं कारण हे आहे. खलनायकाची व्यथा लिहिताना तिला कारणीभूत कुणीतरी लागतं, आणि लेखकाला सगळ्यात सोयीची सापडते ती त्याच्याच अत्याचाराला बळी पडणारी व्यक्ती.

आणि दुःखानं माणूस दुष्ट होतो हे तरी खरं आहे का? त्याच सभेत दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण बसला होता. आई तीच, आंधळा बाप तोच, वाडा तोच, मामा तोच. तो उठून उभा राहिला आणि द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही असं त्यानं भर सभेत सांगितलं. दासीच्या पोटी जन्मला म्हणून सिंहासनाचा विचारही ज्याच्या वाट्याला आला नाही, दुर्योधन ज्याला तोंडावर हिणवत आला, तो विदुरही त्याच सभेत अन्यायाला अन्याय म्हणाला. जन्मानं झालेल्या अपमानातून क्रौर्य येत असतं तर विदुराचं क्रौर्य सगळ्यांत मोठं असायला हवं होतं. कुणी म्हणेल, मग कर्णाचं काय? कर्ण मोठा वाटतो तो याच जागी. युद्धाआधी कृष्णाशी बोलताना, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना आपण जे कठोर बोललो त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं तो कबूल करतो. आपल्या जन्माची कहाणी त्याला तेव्हा ठाऊक असते, तरी तो ती ढाल म्हणून पुढं करत नाही. बोललो, कुणासाठी बोललो, हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या वतीनं आपण जेवढे वकील उभे केले तेवढ्यांची त्याला गरज नव्हती.

ज्यांनी आयुष्यात खरोखर मार खाल्ला आहे त्यांचा हा सल्ला अपमान करतो, असं मी म्हणतो ते या अर्थानं. बालपणी छळ झालेली, वस्तीतून हाकललेली, उपाशी झोपलेली लाखो माणसं पुढं कुणाचा गळा दाबत नाहीत. त्यांतली अनेक तर इतरांना जपायला शिकतात. पण पडद्यावर दर वेळी जखम दाखवायची आणि लगेच तिच्यातून चाकू काढायचा, असं चाललं तर जखमी माणसाकडं संशयानं पाहायची सवय लागते. ज्यांच्याविषयी सहानुभूती वाढावी म्हणून हे केलं, त्यांच्यावरच डाग बसतो.

मग खलनायक जिवंत कशानं होतो? माझं उत्तर मला मराठी रंगभूमीवरच्या एका कारकुनानं दिलं. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर, रंगभूमीवर आलं. गंधर्व नाटक मंडळीच्या त्या प्रयोगात बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर होता, हे नाट्यवेड्यांना पाठ आहे. सुधाकर बुद्धिमान वकील, तापट, मानी. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते. ज्या हुशारीवर त्याचं सगळं उभं आहे तिचाच चारचौघांत अवमान झालेला. घरी सिंधू आहे, भाई म्हणून जीव टाकणारा रामलाल आहे. त्यांच्यापाशी सांत्वन आहे, उपदेश आहे. पण त्या घटकेला सुधाकराला सांत्वन नको असतं. आपण पडलो हे तासभर तरी विसरायचं असतं, आणि हे ओळखतो तो त्याचा कारकून तळीराम. तो सुधाकरावर जबरदस्ती करत नाही, खोटंही फारसं बोलत नाही. दुखणं आहे, हे औषध आहे, एकदाच घ्या, एवढंच. त्याच्यापाशी वेळ आहे, विनोद आहे, समोरच्याच्या मनाची दारं कुठं सैल आहेत याचं ज्ञान आहे.

तळीरामाच्या बालपणात गडकरी शिरत नाहीत. तो पहिला पेला का प्याला हे आपण नाटकभर विचारतही नाही. मद्यपी मंडळींच्या त्या गाजलेल्या प्रवेशांत आपण त्याच्या बोलण्यावर मनमुराद हसतो, त्याच्याशी आपली गट्टी जमते, आणि तो सुधाकराचं जे करतो तेच काही अंशी आपलंही करतो. प्रेक्षक त्याच्या बाजूला खेचला जातो तो त्याच्या सहवासाच्या गोडीनं, दयेनं नव्हे. मग पुढं त्या घरात तान्ह्या मुलाचा जीव जातो, सिंधू जाते, तेव्हा आपलं आधीचं हसणं आपल्याला बोचतं. कुणी आज ‘एकच प्याला’ नव्यानं लिहायला घेतलं आणि तळीरामाच्या बापाची दारू, आईचे अश्रू दाखवणारा प्रवेश घातला, तर तो एक प्रवेश सगळं नाटक बुडवील. कारण मग लक्ष सुधाकराच्या घसरणीवरून सरकून तळीरामाच्या कारणांवर जाईल, आणि सुधाकर स्वतः पेला उचलतो हा नाटकाचा कणाच राहणार नाही.

लेक्टर, शकुनी, तळीराम या तिघांना शेजारी ठेवलं की रचना दिसू लागते. जखम ज्याचा घात होणार त्याच्यापाशी असते. खलनायक ती वाचतो, इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा नीट. शेक्सपिअरच्या इयागोचं हेच आहे. देवलांनी ‘ऑथेल्लो’ १८९० मध्ये ‘झुंजारराव’ म्हणून मराठीत आणला तेव्हापासून आपला प्रेक्षक ही गोष्ट ओळखतो. इयागो आपल्या द्वेषाची कारणं एकामागून एक देतो, बढती हुकली, बायकोविषयी संशय आहे, आणि त्यातलं एकही कारण पुरेसं ठरत नाही. शेवटी पकडल्यावर का केलंस असं विचारतात, तर तो यापुढं एक शब्दही बोलणार नाही असं जाहीर करतो. ऑथेल्लो परक्या नगरीत मोठा झालेला, आपलं इथं असणं कुणी मनापासून स्वीकारलं आहे की नाही याची धास्ती आत वागवणारा. भूतकाळ त्याचा, वाचक इयागो. ‘द डार्क नाइट’ (२००८) मधला हीथ लेजरचा जोकर तर आपल्या तोंडावरच्या व्रणांची एकाला एक आणि दुसरीला दुसरी कहाणी सांगतो, एकदा बाप, एकदा बायको. समोरच्याला कारण ऐकायची भूक असते हे त्यानं हेरलेलं असतं आणि त्याच भुकेला तो हत्यार करतो. २०१९ चा ‘जोकर’ पुढं करून काही जण मला खोडून काढतात. तो चित्रपट मला महत्त्वाचा वाटतो. औषधं बंद झालेल्या, शहरानं वाऱ्यावर सोडलेल्या आजारी माणसाची ती शोकांतिका आहे. पण तो त्या गोष्टीतला बळी आहे, कुणाच्याही मनाचा तळ त्याला दिसत नाही. शोकांतिकेचं यश खलनायकाच्या खात्यावर कसं जमा करायचं?

‘शोले’च्या गब्बरसिंगचं एका ओळीत सांगतो. १९७५ पासून त्याच्या आईबापांविषयी कुणाला काही जाणून घ्यावंसं वाटलेलं नाही, कारण रामगढच्या माणसांना भीती कितपत पुरते याचा हिशेब त्याच्याइतका कुणालाच येत नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत सबळ आक्षेप. ‘घाशीराम कोतवाल’. विजय तेंडुलकरांचं हे नाटक जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात पुण्यात डिसेंबर १९७२ मध्ये रंगमंचावर आलं, आणि त्यातला घाशीराम तर अपमानाच्या आगीतूनच जन्मतो. कनोजाहून आलेला परका ब्राह्मण, पुण्यात त्याला मारहाण होते, रमण्यातल्या दक्षिणेच्या गर्दीत चोर ठरवून कोठडीत टाकतात, बाहेर हाकलतात. मग तो शपथ घेतो, परत येतो, कोतवाल होतो, आणि पुण्याला सोलून काढतो. इथं जखम आहे, तिच्यातून चाकूही निघतो आहे. मग माझा मुद्दा कोसळला का?

नाटक नीट पाहिलं तर ते माझ्याच बाजूनं साक्ष देतं. घाशीराम हा या नाटकातला सुधाकर आहे. तळीराम आहे नाना फडणवीस. मोहन आगाश्यांनी उभा केलेला तो नाना, लालसावलेला, चतुर, मिश्कील, त्याला नाटककारानं कसलंही दुःख दिलेलं नाही. तो असा का, हे नाटक सांगत नाही आणि आपल्यालाही विचारावंसं वाटत नाही. त्याला एवढंच कळतं की सूडानं पेटलेला हा परका माणूस आपल्याला हवं ते देईल, स्वतःची मुलगीसुद्धा, आणि एकदा कोतवाल केला की करणी आपली, शिव्याशाप त्याला. घाशीरामाची जखम नाना वाचतो, तिची किंमत ठरवतो, वापरतो, आणि काम झाल्यावर त्याला जमावाच्या हाती देतो. १७९१ साली कोठडीत गुदमरून ब्राह्मण मेले आणि जमावानं घाशीरामाला दगडांनी ठेचलं, हा इतिहासातला प्रसंग तेंडुलकरांनी घेतला तो या यंत्रणेसाठी. नाटक एका घाशीरामाचं नाही, घाशीराम घडवणाऱ्या सत्तेचं आहे, हे ते स्वतः मानत होते. आणि घाशीरामाला तरी त्यांनी अपमानाच्या नावावर माफी कुठं दिली? मुलीला नानाच्या पुढ्यात नेऊन उभी करण्याचा निर्णय त्याचा आहे. तो घेताना त्याच्यापुढं दुसरी वाट होती. ती वाट दिसत राहते म्हणूनच तो प्रवेश पाहवत नाही.

इथं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची आठवण द्यावी लागेल, कारण विरुद्ध पक्षाचे लोक तिचाही आधार घेतात. १९६७ च्या त्या नाटकात लीला बेणारेला खेळाखेळात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारी माणसं सगळी हरलेली आहेत: न चालणारा वकील सुखात्मे, परीक्षेत गचकलेला पोंक्षे, नाटकात यश न मिळालेला कर्णिक. म्हणजे तेंडुलकरांनी त्यांचं वैफल्य दाखवलं की नाही? दाखवलं, आणि कुणाच्या तोंडून दाखवलं हे पाहा. बेणारे स्वतः सुरुवातीलाच हसत हसत त्यांची ही अपयशं सांगून टाकते. ती कळल्यामुळं पुढं त्यांच्याविषयी आपली कणव वाढत नाही, संताप वाढतो, कारण ज्यांना हरणं म्हणजे काय हे माहीत आहे तेच एका बाईच्या हरण्यावर तुटून पडतात. खलनायकाविषयीची माहिती लेखकानं देऊ नये असं मी कधीच म्हणत नाही. ती माहिती अपराध हलका करण्याच्या कामी लावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो महाराष्ट्रात तरी आदरानं ऐकला पाहिजे. ज्यांना गोष्टींनी खलनायक ठरवलं त्यांची बाजू कुणी मांडायचीच नाही का? जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) बळीराजाला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभं केलं आणि वामनाला आक्रमक. इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो, असं म्हणत दिवाळीत ओवाळणाऱ्या बायकांना ते आधीपासून ठाऊक होतं. पण फुल्यांनी केलं ते नेमकं काय? बळी दुखावलेला होता म्हणून त्याला क्षमा करा, असं ते म्हणाले नाहीत. बळी अपराधीच नव्हता, अपराध दुसऱ्याचा होता, निकाल चुकीचा लागला, असं ते म्हणाले. त्यांनी खटला पुन्हा उभा केला. पुरावा मागितला, आरोपी बदलला. असं पुनर्लेखन हवंच आहे, अजून पुष्कळ हवं आहे. आज जे चाललं आहे ते याच्या उलट आहे. अपराध मान्य करायचा, अपराधीही तोच ठेवायचा, आणि दोन तास त्याचं सांत्वन करायचं. डिस्नेनं १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तल्या चेटकिणीला २०१४ मध्ये ‘मॅलेफिसेन्ट’ करून प्रेमात पंख छाटली गेलेली बाई केलं, २०२१ मध्ये ‘क्रुएला’ला आईच्या मृत्यूचं दुःख दिलं. फुल्यांचं धैर्य आणि ही दिलासा देण्याची रीत एकाच नावानं ओळखली जाऊ नये.

‘त्याची बाजू पटली पाहिजे’ या दुसऱ्या वाक्याचंही बोलायचं राहिलं. खलनायकाला तर्क हवा, यात वाद नाही. पण तर्क असणं आणि बाजू न्याय्य असणं यांत फार अंतर आहे. जब्बार पटेलांचा ‘सामना’ आठवा. तेंडुलकरांची पटकथा, निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील, डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर. साखर कारखान्याचा हा सर्वेसर्वा दारूच्या आहारी गेलेल्या, गांधींच्या चळवळीतून आलेल्या या म्हाताऱ्याला आपल्याकडं ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, त्याच्या बोलण्याची मजा घेतो. त्यात दिखावा आहे आणि खरा जिव्हाळाही आहे. कारखाना उभा केला, गावाला रोजगार दिला, तेव्हा नाहीशा झालेल्या एखाद्या मारुती कांबळेविषयी एवढं काय विचारायचं, हा त्याचा हिशेब आतून सुसंगत आहे. तो आपल्याला समजतो, कारण तो आपण आपल्याच तालुक्यात ऐकलेला असतो. पण तो पटतो का? क्षणभरही नाही, आणि पटू नये याचीच काळजी चित्रपट घेतो, त्या कांबळेचं काय झालं हा प्रश्न मास्तरांना पुन्हा पुन्हा विचारायला लावून. निळू फुले सेवादलात घडलेला माणूस. पाटलाच्या वाड्यातली सत्ता कशी बोलते, कधी हसते, कधी गप्प बसते हे त्यांनी बाहेरून, ज्यांच्यावर ती चालते त्यांच्या बाजूनं पाहिलेलं होतं. मला वाटतं त्यांच्या अभिनयाची धार तिथून आली. हिंदुरावाच्या बालपणी काय झालं असेल याचा विचार करून हे साधलं नसतं. हिंदुरावाच्या समोर उभं राहिलेल्या माणसाच्या पोटात काय होतं, हे माहीत असल्यानं साधलं.

म्हणून तरुण लेखकांना माझी विनंती आहे. खलनायकाची वही उघडून त्यात आईवडील, शाळा, पहिलं प्रेम, पहिला अपमान भरत बसण्याआधी त्याच्या समोर कोण आहे ते लिहा. त्या माणसाला कशाची लाज वाटते, तो कुठल्या शब्दाला नाही म्हणू शकत नाही, रात्री त्याला काय विसरायचं असतं. मग तुमच्या खलनायकाला ते सगळं दिसू द्या, आणि दिसल्यावर त्यानं दोन वाटांपैकी कुठली धरली ते दाखवा. एवढ्यानं त्याचं भय उभं राहील. त्याच्या भूतकाळासाठी राखून ठेवलेली वीस मिनिटं वाचतील, ती गौरीला द्या. घाशीरामाची ही मुलगी नानाच्या हाती जाते, मरते, आणि आपल्या बापाविषयी, त्या वाड्याविषयी, बाहेर नाचगाण्यात दंग असलेल्या पुण्याविषयी तिला काय म्हणायचं होतं ते पन्नास वर्षं उलटून गेली तरी आपण कुणी लिहिलेलं नाही. विकर्णाला आणि त्या रात्री त्याच्या घरात काय बोलणं झालं असेल त्यालाही अजून कुणी नीट हात घातलेला नाही.